पंधरा दिवसांची इंटर्नशिप: ऑफिसात नक्की काय शिकायचं आणि दुकानदाराने काय शिकवायचं?



मागच्या व्हिडिओत मी कॉलेजच्या मुलांना इंटर्न म्हणून घेण्याबद्दल बोललो. त्यानंतर दोन प्रकारचे प्रश्न आले. मुलांचा प्रश्न होता, "सर, १२० तासांत काय शिकून होणार?" आणि दुकानदारांचा प्रश्न होता, "आमचं ऑफिस म्हणजे दुकानाच्या मागची दहा बाय दहाची खोली, तिथे मुलांना काय देणार?" व्हिडिओत वेळ कमी पडला होता, म्हणून आज सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दुसऱ्याला शिकवायचं तर आधी आपलं खातं साफ हवं.

मी दिलेलं खोटं सर्टिफिकेट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकान नुकतंच सुरळीत लागलं होतं. ओळखीतले एक काका मुलाला घेऊन आले. मुलाला कॉलेजात इंटर्नशिपचं सर्टिफिकेट द्यायचं होतं आणि शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती. काका म्हणाले, "एक सही मार रे, पोराचा वर्ष फुकट जातला." गावात रोज तोंड बघायचं, नाही कसं म्हणणार? मी लेटरहेड काढलं, 'दीड महिना समाधानकारक काम केले' असं लिहिलं आणि शिक्का मारला. तो मुलगा माझ्या दुकानात चहा पिण्याइतका वेळसुद्धा बसला नव्हता.

वर्षभराने तोच मुलगा परत आला. एका कंपनीत हिशेबनीसाच्या कामासाठी मुलाखतीला गेला होता. तिथल्या माणसाने माझं सर्टिफिकेट वाचलं आणि अगदी साधा प्रश्न विचारला, "कोटेशन आणि इनव्हॉइसमध्ये फरक काय?" मुलाला सांगता आलं नाही. दुसरा प्रश्न, "दुकानात खरेदीची बिलं कशी लावायचा?" तेही नाही. समोरच्याने सर्टिफिकेट शांतपणे परत दिलं.

मुलगा माझ्यावर चिडला नाही, एवढंच म्हणाला, "दादा, तेव्हा तुम्ही माका पंधरा दिवस तरी बसवक व्हया होता."

ते वाक्य मला लागलं. सही करून मी त्याचं भलं केलं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात त्याला शिकायची जी एक संधी होती, तीच मी काढून घेतली होती. त्या दिवसापासून काम न केलेल्या मुलाच्या कागदावर मी सही करत नाही. दोन-तीन घरं त्यामुळे नाराज आहेत. असू देत.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे सगळ्यालाच 'इंटर्नशिप' म्हणतात, पण यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, कॉलेजची इंटर्नशिप किंवा ऑन जॉब ट्रेनिंग. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रात त्याप्रमाणे अभ्यासक्रम बदलले आणि एम.कॉम.सारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर चार श्रेयांकांचे १२० तास होतात. रोज आठ तास म्हणजे पंधरा दिवस, रोज चार तास म्हणजे एक महिना. हा शिक्षणाचाच भाग आहे, नोकरी नाही.

दुसरी, अप्रेंटिसशिप म्हणजे शिकाऊ उमेदवारी. याला १९६१ चा कायदा आहे. करार होतो, विद्यावेतन द्यावंच लागतं. ३० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर त्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे.

तिसरी, सरकारी प्रशिक्षण योजना. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी पास मुलांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती. ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कार्यालयात तुम्ही ही मुलं पाहिली असतील.

आजचा लेख पहिल्या प्रकाराबद्दल आहे, कारण आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराकडे येणारी मुलं बहुतेक तीच असतात.

आणि ही कल्पना काही कालची नाही बरं का. १९६४ ते १९६६ मध्ये काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळेच्या शिक्षणात 'कार्यानुभव' असावा अशी शिफारस केली होती. आपल्यातल्या अनेकांना तो विषय आठवत असेल. कागदाची फुलं करायची, पायपुसणं विणायचं आणि मार्क घ्यायचे. शब्द 'कार्यानुभव' होता, पण खऱ्या कार्यालयाचं तोंड आपण बघितलं नाही.

जपानमध्ये ह्योगो नावाचा प्रांत आहे, कोबे शहर ज्यात येतं तो. १९९५ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर १९९८ पासून तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांतली साधारण आठवीच्या वयाची मुलं पाच दिवस वर्ग सोडून गावातल्या दुकानांत, कार्यालयांत, शेतावर, बालवाडीत काम करायला जाऊ लागली. फक्त पाच दिवस! म्हणजे आपल्या हातातले पंधरा दिवस काही कमी नाहीत. फक्त ते कसे घालवायचे हे आधी ठरलेलं असायला हवं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "येवचंय नाय"

आता खरी केस सांगतो. माझं दुकान मसुऱ्यात आहे. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, नळाचं सामान, ताडपत्री, सगळं मिळतं. मागे एक छोटी खोली आहे, तेच आमचं ऑफिस. एक टेबल, एक कॉम्प्युटर, बिलांच्या फायली आणि माझ्या डोक्यावर देवाचं कॅलेंडर.

एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेली, शेजारच्या वाडीतली एक मुलगी कॉलेजचं पत्र घेऊन आली. पत्रात १२० तास लिहिले होते. मी होकार दिला. पण दिवस कुठले? आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेच्या आधीचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आंगणेवाडी ही मसुरे गावातलीच वाडी. या जत्रेची तिथी कॅलेंडरवर छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. तारीख जाहीर झाली की मुंबईकरांच्या गाड्यांची तिकिटं, घरांची रंगरंगोटी, मांडवाचं सामान, सगळं एकदम सुरू होतं. आमच्या दुकानात तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो.

त्यामुळे झालं असं की पहिले तीन दिवस ती मुलगी खुर्चीवर बसून होती. मी म्हणायचो, "जरा बघत रव, मी सांगतंय." आणि सांगायला मला वेळच मिळायचा नाही. दोनदा झेरॉक्सला पाठवली, एकदा चहा सांगायला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पर्स उचलून उभी राहिली.

"दादा, उद्यापासून मी येवचंय नाय. हय माका कायच काम नाय."

मला एकदम माझी बी.बी.ए.ची इंटर्नशिप आठवली. शहरातल्या एका ऑफिसात मी सहा आठवडे होतो. तिथे झेरॉक्स मशीनचा कागद कुठल्या ट्रेमध्ये घालायचा हे मी उत्तम शिकलो, दुसरं काही नाही. रिपोर्ट सिनियरचा बघून लिहिला. नंतर स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही जुळवायची कशी, हे मला पैसे देऊन दुसऱ्याकडून शिकावं लागलं. ज्या वागण्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली, तेच मी या मुलीशी करत होतो.

मी म्हटलं, "बस गो बाय जरा. चूक माझी आसा."

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी एका कागदावर तिचे उरलेले बारा दिवस लिहून काढले. पुढे त्यात सुधारणा करत करत पंधरा दिवसांचा आराखडा तयार झाला. तोच खाली देतोय.

पंधरा दिवसांचा आराखडा

दिवस १ आणि २: ओळख. दुकानात माल येतो कुठून, जातो कुठे, पैसा येतो कसा, जातो कसा, हे चालून दाखवा. एका रंगाच्या डब्याचा प्रवास घ्या: ऑर्डर, माल आला, चलन, खरेदी बिल, रॅकवर ठेवला, विकला, विक्री बिल, गल्ला किंवा यूपीआय, बँक. मुलाने हे चित्र स्वतःच्या हाताने वहीत काढायचं. हे एक चित्र काढता आलं तर कोटेशन, चलन आणि इनव्हॉइस यांतला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही.

दिवस ३ ते ५: कागद लावणं. आवक-जावक नोंद, बिलं तारखेप्रमाणे लावणं, फाईलवर नाव घालणं. कंटाळवाणं वाटतं, पण ज्याला कागद सापडतो त्याच्याशिवाय ऑफिस चालत नाही. या दिवसांत एक परीक्षा घ्या: "अमुक व्यापाऱ्याचं अमुक महिन्याचं बिल दोन मिनिटांत काढून दे."

दिवस ६ ते १०: एक खरं काम. पाच दिवस एकच काम, पण पूर्ण. उदाहरणार्थ, महिन्याचा रोजमेळ आणि बँक स्टेटमेंट जुळवणं, किंवा खरेदीची बिलं तपासणं, किंवा स्टॉकची यादी. काम असं निवडा की ते झालं नाही तर तुमचं खरोखर अडेल. खोटं काम मुलांना लगेच कळतं.

दिवस ११ ते १३: माणसांशी बोलणं. व्यापाऱ्याला फोन करून माल कधी येणार विचारणं, ग्राहकाला कोटेशन समजावून देणं, एक पत्र किंवा ईमेल लिहिणं. आधी तुम्ही करून दाखवा, मग बाजूला बसून त्याला करू द्या.

दिवस १४ आणि १५: लिहिणं आणि सांगणं. मुलाने रिपोर्ट इथेच बसून लिहायचा. शेवटच्या दिवशी अर्धा तास तुम्हाला समजावून सांगायचं: काय केलं, काय चुकलं, दुकानात काय सुधारता येईल. ऐकताना मध्ये बोलू नका. मला ही सवय लावायला फार त्रास झाला.

रोज तुमचा वेळ किती जातो? सकाळी दहा मिनिटं काम सांगायला, संध्याकाळी दहा मिनिटं तपासायला. जत्रेच्या गडबडीतही वीस मिनिटं काढता येतात. 'वेळ नाही' म्हणताना आपण बहुतेक वेळा 'विचार केलेला नाही' असं सांगत असतो.

एक धडा: खरेदीचं बिल कसं तपासायचं

त्या मुलीला मी 'एक खरं काम' म्हणून मागच्या तिमाहीची खरेदीची बिलं तपासायला दिली. हे काम कुठल्याही दुकानात असतं, म्हणून पायरी-पायरीने सांगतो.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं पॅन नंबर. तेरावं अक्षर त्या राज्यात त्या पॅनवरची कितवी नोंदणी ते सांगतं. चौदावं बहुधा 'झेड' आणि पंधरावं तपासणीचं.

आता आमच्याकडे काही माल कोल्हापूरहून येतो, काही गोव्याहून. कोल्हापूर आपल्याच राज्यात, म्हणून बिलावर कर दोन भागांत दिसतो, केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. गोव्याहून माल इथे आला तर आयजीएसटी, एकच आकडा. समजा १०,००० रुपयांचा रंग आहे आणि कर १८ टक्के. कोल्हापूरच्या बिलावर ९०० अधिक ९००, गोव्याच्या बिलावर सरळ १,८००. बेरीज तीच, पण रकाना चुकला तर कटकट होते.

मुलाला बिल तपासायला देताना हे पाच प्रश्न कागदावर लिहून द्या:

१. बिलावर आपला जीएसटी नंबर पंधराही अक्षरं बरोबर आहे का?
२. व्यापाऱ्याच्या नंबरचे पहिले दोन आकडे आणि कराचा प्रकार जुळतो का?
३. बेरीज स्वतः करून बरोबर येते का?
४. बिलातला माल खरंच दुकानात आला होता का? चलनाशी जुळवा.
५. हे बिल जीएसटी पोर्टलच्या '२बी' यादीत दिसतं का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जीएसटीआर-२बी म्हणजे आपल्या व्यापाऱ्यांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली त्याची यादी. १ जानेवारी २०२२ पासून नियम कडक झाला: बिल हातात आहे, पैसे दिले आहेत, पण व्यापाऱ्याने ते दाखवून तुमच्या २बीमध्ये आलेलं नाही, तर त्या कराची वजावट तुम्हाला घेता येत नाही.

मी तिला २बीची यादी डाउनलोड करून दिली आणि बिलांची फाईल दिली. आठव्या दिवशी ती दोन कागद घेऊन समोर उभी राहिली. "दादा, ह्या बिल यादीत नाय. आणि ह्येच्यावरचो नंबर आपलो नाय."

कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याचं ४६,००० रुपयांच्या मालाचं बिल होतं. त्यावर कर ४,१४० अधिक ४,१४०, म्हणजे ८,२८० रुपये. त्यांच्या माणसाने आमच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच दुकानाचा जीएसटी नंबर घातला होता. गंमत बघा, चुकून भलताच आकडा टाकला असता तर पोर्टलने तो घेतलाच नसता. पण दुसऱ्या कुणाचा तरी खरा नंबर टाकला, म्हणून पोर्टलने निमूट घेतला. ते बिल माझ्या हातून तीन वेळा गेलं होतं. मी फक्त रक्कम बघून पैसे दिले होते.

व्यापाऱ्याला फोन तिनेच केला. पहिल्यांदा आवाज कापत होता. बिल नंबर, तारीख आणि चूक, एवढंच सांगायचं असं आम्ही कागदावर लिहून घेतलं होतं. त्यांनी पुढच्या विवरणपत्रात दुरुस्ती केली आणि माझी वजावट परत आली. अशी दुरुस्ती करायला मुदत असते. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर तोपर्यंतच. नंतर कितीही फोन केले तरी उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी ती निघून गेली असती, तर ते ८,२८० रुपये मला बहुतेक मार्च उलटून गेल्यावरही कळले नसते. आणि तिला? 'मला ऑफिसातलं काम जमत नाही' एवढंच घेऊन ती गेली असती. काम जमत नव्हतं हे खरं नव्हतं, काम दिलंच नव्हतं.

उधारीची वही

आता एक अवघड गोष्ट सांगतो. व्हिडिओत सांगायचं धाडस झालं नाही.

बिलांचं काम वेळेआधी संपलं म्हणून मी तिला उधारीची वही दिली आणि म्हटलं, "ह्या सगळा एक्सेलमध्ये घाल." मी कामात होतो. वहीत कुणाकुणाची नावं आहेत याचा विचारच केला नाही. छोट्या गावात दुकानाची उधारी म्हणजे अर्ध्या गावाची यादी. त्यात तिच्या वडिलांचं नाव होतं. गणपतीच्या आधी घराला रंग काढला होता, त्यातले ३,४५० रुपये राहिले होते.

संध्याकाळी तिने फाईल दाखवली. सगळी नावं बरोबर, सगळ्या रकमा बरोबर. वडिलांचं नावसुद्धा, त्याच रांगेत, त्याच अक्षरात. तिने ते गाळलं नव्हतं आणि माझ्याकडे बघितलंही नव्हतं. "झाला, दादा," एवढंच म्हणाली.

मला काय बोलावं कळेना. वडिलांचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. पण मला रात्री झोप लागली नव्हती. तिने शब्दही न बोलता जे सांभाळलं, ते सांभाळणं माझं काम होतं.

म्हणून दुकानदार मित्रांनो, मुलांच्या हातात काय द्यायचं नाही हे आधी ठरवा:

- उधारीची नावं. द्यायचीच असेल तर नावाऐवजी खाते क्रमांक घाला. आता माझ्याकडे तशीच पद्धत आहे.
- पासवर्ड आणि ओटीपी. जीएसटी पोर्टल, नेट बँकिंग, यूपीआयचा फोन, काहीही नाही. यादी डाउनलोड करून द्या, लॉगिन देऊ नका. हा अविश्वास समजू नका. उद्या काही बिघडलं तर मुलावर बोट जायला नको, म्हणून.
- एकट्याला गल्ला. मोजायला शिकवा, पण तुमच्या समोर.
- कामगारांचे पगार. तो त्यांचा खासगी विषय आहे.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी नियम एकच. ऑफिसात वाचलेलं ऑफिसातच राहतं. घरी जेवताना "अमक्याचे इतके बाकी आसत" हे सांगायचं नाही. हिशेबाच्या कामात माणसाची किंमत आकडेमोडीच्या वेगापेक्षा या गोष्टीवर जास्त ठरते.

विद्यार्थ्यांसाठी सहा सूचना

एक. रोज डायरी लिहा. तीनच ओळी: आज काय केलं, काय कळलं नाही, उद्या काय विचारायचं. पंधरा दिवसांनी तुमचा रिपोर्ट अर्धा तयार असतो आणि तो इंटरनेटवरून उचललेला नसतो.

दोन. प्रश्न साठवून विचारा. दर पाच मिनिटांनी मालकाला हाक मारू नका. पाच प्रश्न वहीत लिहा आणि संध्याकाळच्या दहा मिनिटांत विचारा.

तीन. चूक झाली की लगेच सांगा. लपवलेली चूक व्याजासकट परत येते.

चार. फोन पिशवीत ठेवा. काम नसेल तर जुनी फाईल उघडून वाचा. जुन्या फायली म्हणजे फुकटचं पुस्तक आहे.

पाच. एसटीची वेळ पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. गावाकडे शेवटची गाडी चुकली तर पंचाईत होते. "साडेपाचला निघावं लागेल" हे सांगण्यात कमीपणा नाही. दुकानदारांनीही हे लक्षात ठेवावं, विशेषतः मुलींच्या बाबतीत. काळोख पडेपर्यंत थांबवून ठेवायचं नाही आणि घरच्यांना दुकानाचा नंबर द्यायचा.

सहा. तीन दिवस काम मिळालं नाही तर गप्प बसू नका आणि निघूनही जाऊ नका. जाऊन सरळ विचारा, "दादा, या आठवड्यात मी पूर्ण करू शकेन असं एक काम द्या." समोरचा माणूस वाईट असेलच असं नाही, बऱ्याचदा तो गडबडीत असतो. तरीही काही झालं नाही तर कॉलेजच्या सरांना कळवा.

सर्टिफिकेटवर काय लिहायचं?

'समाधानकारक काम केले' हे वाक्य आजपासून बंद. त्यातून कुणालाच काही कळत नाही. माझ्या सर्टिफिकेटवर आता चार गोष्टी असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती तास, कोणतं काम पूर्ण केलं आणि कोणतं काम कुणाच्या मदतीशिवाय करता येतं.

त्या मुलीच्या सर्टिफिकेटवर मी लिहिलं, 'एका तिमाहीची खरेदीची बिलं जीएसटीआर-२बी यादीशी स्वतंत्रपणे जुळवली, एक चूक शोधून व्यापाऱ्याकडून दुरुस्त करून घेतली.' मुलाखतीत हे वाक्य वाचून समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारणारच. आणि तिच्याकडे उत्तर आहे.

पैशाचं काय, हाही प्रश्न येतो. कॉलेजच्या इंटर्नशिपला मानधन देण्याची सक्ती नसते. पण एसटीचं भाडं आणि दुपारचं जेवण तरी द्या. ज्या कामातून तुमचा फायदा झाला, त्यातलं काहीतरी मुलाच्या हातात जाऊ द्या. आणि हो, मुलगा फुकट मिळतोय म्हणून हमाली त्याच्यावर ढकलू नका. सिमेंटच्या गोणी उचलायला हिशेबाचा विद्यार्थी घेतलेला नाही.

गृहपाठ

विद्यार्थ्यांनी: तुमच्या घराजवळच्या एका दुकानात जाऊन एका वस्तूचा ऑर्डरपासून बँकेपर्यंतचा प्रवास विचारा आणि चित्र काढा. ओळख काढायची हीच उत्तम पद्धत. इंटर्नशिप मागायला हात हलवत जाण्यापेक्षा ते चित्र घेऊन जा.

दुकानदारांनी: एका कागदावर तीन कामं लिहा, जी तुम्ही गेले सहा महिने 'उद्या करू' म्हणताय. त्यातलं पाच दिवसांत पूर्ण होणारं एक निवडा. तुमच्या पहिल्या इंटर्नचं काम तयार झालं.

जाता जाता एवढंच. पंधरावा दिवस जत्रेच्या आदल्या आठवड्यात आला. दुकानात गर्दी होती, तरी मी आतल्या खोलीत अर्धा तास बसून तिचं ऐकलं. तिने तीन सुधारणा सांगितल्या. त्यातली एक होती, "दादा, पुढच्या वेळी इंटर्नला जत्रेनंतर बोलवा." मी ती लिहून घेतली. सर्टिफिकेट घेऊन ती दारापर्यंत गेली, मागे वळली आणि पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "बाबांनी दिल्यानी हत." आत ३,४५० रुपये होते. मी पावती फाडली आणि तिच्या हातात दिली. तिने पावतीवरची तारीख, नाव आणि रक्कम नीट वाचली, बेरीज तपासावी तशी, आणि मगच घडी घालून ठेवली.

पुढच्या व्हिडिओत रोजमेळ आणि बँक स्टेटमेंट कसं जुळवायचं ते दाखवतो. तोपर्यंत गृहपाठ करा, आणि अडलं तर विचारा.